मास्तरीणबाईंचा शब्द

"परवाना हातात पडला, की विमान कंपन्या पायघड्या घालतात. एवढंच सांगायचं," मालकांनी दाराशीच बजावलं. "आणि जरा हसतमुखानं!"

मास्तरीणबाई आत गेल्या. वैमानिक घडवणाऱ्या त्या शाळेत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. छोट्या विमानात शिकाऊ पोरांशेजारी बसून त्यांचे केस पिकू लागले होते. समोर नव्या मुलांचे आईबाप बसले होते.

"म्हणजे कोर्स संपला, की लगेच मोठं विमान ना?" एका आईनं विचारलं.

मालकांनी मान डोलावली. मास्तरीणबाईंनी डोलावली नाही.

"नाही, ताई. परवाना म्हणजे नुसतं दाराशी पोचणं. पुढं मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, परीक्षा, आणि मुळात जागा निघायला हव्यात. कंपन्यांना अनुभवी माणूस हवा, आणि नोकरीशिवाय तो अनुभव येणार कुठून? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अन् वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत."

कोणीतरी हसलं. मालक खाकरले.

"माझ्याबरोबरचे काही जण आज मोठी विमानं उडवतात. एक विमा विकतो. मी दोनदा शेवटच्या मुलाखतीपर्यंत गेले. एकदा कंपनीच बुडाली, एकदा वय आडवं आलं."

"मग आमच्या पोरांना बोलावलंत कशाला?" मागून एक गृहस्थ कडाडले.

"उडायला शिकवायला. ते मी छातीठोकपणे शिकवते. नोकरीचा शब्द मात्र माझ्या तोंडून निघणार नाही."

निम्म्या खुर्च्या बघता बघता रिकाम्या झाल्या.

मालकांनी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. "माझ्या पोटावर पाय आणलात, बाई! उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं. पण आज चिमणी पहिल्यांदा एकटी उडणार आहे. तेवढं उरकून जाते."

"ते दुसरं कोणीही बघेल!"

"तिला मी शिकवलंय," असं म्हणून त्या चालू लागल्या.

चिमणी म्हणजे पाठीमागं उशी घेऊन बसणारी शाळेतली सर्वांत बुटकी मुलगी. तिच्यासोबत दोन फेऱ्या मारून मास्तरीणबाई धावपट्टीच्या टोकाशी खाली उतरल्या.

"मी नसले, की विमान हलकं होईल. चटकन वर चढेल. गडबडू नकोस."

"मॅडम, चुकलं तर?"

"तर पुन्हा वर जा, अन् पुन्हा ये. आकाश कुठं पळून जातंय?"

विमान खरोखरच भसकन वर गेलं. मास्तरीणबाई गवतात उभ्या राहिल्या. मालकांनी कचेरीतून हाका मारल्या. त्यांनी मान वळवली नाही. विमान वळलं, खाली आलं, एकदा उसळलं आणि टेकलं.

चिमणी धावतच आली. "मॅडम, जमलं! उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या दुसरे सर असतील."

मुलीचा चेहरा उतरला. मास्तरीणबाईंनी तिची वाकडी झालेली कॉलर सरळ केली.

"आल्या आल्या आधी वाऱ्याकडे बघायचं," त्या म्हणाल्या. "सरांकडे नंतर."