उतारावरची ट्रायल

महागड्या गाड्या विकणाऱ्याने गिऱ्हाइकाशेजारी बसून गोड बोलावं, एवढंच काम. पण या शेठची पन्नाशी उलटली तरी शर्यतीची खाज जिरली नव्हती. रविवार उजाडला की हेल्मेट घालून स्वारी ट्रॅकवर हजर. काल त्याची स्वतःची गाडी ऐनवेळी रुसली, तेव्हा याने शोरूममधली ट्रायलची गाडीच शर्यतीला नेली. बायकोला पत्ता लागू नये म्हणून मेकॅनिकलाही न सांगता शर्यतीचे ब्रेक पॅड स्वतःच्या हाताने चढवले. चढवले, आणि काढायचे विसरला.

ते पॅड तापले की चाकाला असे धरतात की बघत राहावं. थंड असले तर नुसते घासतात.

आठवलं कधी, तर आज, उताराच्या तोंडाशी. वळणावर चाकातून किर्रर्र आवाज आला आणि शेठच्या तोंडचं पाणी पळालं. स्टिअरिंगवर होत्या गाडी घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई. मागे त्यांचे सासरे, निघाल्यापासून सुनेवर तोंडसुख घेत बसलेले.

“एवढं धूड हिला झेपायचं नाही, मी म्हणत नव्हतो?”

“मामंजी, घरी गेल्यावर बोला.”

सांगावं तर सौदा बुडतो आणि अब्रूही जाते. जरा घासले की तापतील, असं मनाशी म्हणत शेठ गप्प बसला. तेवढ्यात पायथ्याचा सिग्नल लाल झाला. माणसं रस्ता ओलांडू लागली. एक बाई बाबागाडी ढकलत पुढे आली.

डॉक्टरीणबाईंनी ब्रेक दाबला. गाडी कुठली ऐकतेय!

“अहो, ही थांबत नाहीये!”

“सगळा जोर द्या! पाय सोडू नका!”

शेठने हात लांबवून स्टिअरिंगमागची गिअर उतरवायची डावी पट्टी ओढली. गिअर उतरला, इंजिन गुरकावलं. पुन्हा ओढली. बाबागाडी आता बरोब्बर समोर. डॉक्टरीणबाई ओठ चावून पेडलवर जवळजवळ उभ्याच राहिल्या होत्या. जळका वास आला, पॅडनी एकदम धरलं, आणि सगळे सीटच्या पट्ट्यांवर आदळले. गाडी पांढऱ्या रेघेवर थांबली होती. बाबागाडीवालीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“बघितलंत?” सासरे ओरडले. “पायात जोर नाही हिच्या! आज जीव घेतला असता कुणाचा तरी!”

बाईंनी हात मांडीवर ठेवले. “माझंच चुकलं का हो?” त्यांनी शेठला विचारलं.

नुसती ‘हो’ म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं. म्हातारा तर ते ऐकायला टपलेलाच होता. शेठ बाईंकडे वळला.

“नाही. चूक माझी. शर्यतीचे पॅड या गाडीत राहिलेत. वळणावरच मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही. दुसरा कुणी असता तर गाडी थांबली नसती. तुमच्या पायाने थांबली.”



सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. बाईंनी गाडी हळूच कडेला घेतली.

“सरका, मी नेतो परत,” शेठ म्हणाला.

“तुम्ही मागे बसा. मामंजींशेजारी.”

“अहो, पण...”

“आता चढ आहे. हळू नेईन. गाडी मला नको, आणि तुमच्याकडून तर कुठलीच नको. पण परत नेणार मीच.”

शेठ निमूटपणे मागे जाऊन बसला. म्हातारबुवांनी त्याला जागा दिली आणि पट्टा घट्ट आवळला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आरसा नीट करून घे हो. तूच ने.”