माउंट निबोची फुटकी भांडी

मिसेस कॅथकार्टनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं, तोवर व्हर्लीन पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या चढूनही गेली होती. मी खाली पिकअपजवळच थांबलो. माझे पाय पुढे जाईनात, कारण जे काही झालं होतं ते माझ्यामुळेच झालं होतं.

सॉरेल क्रॉसिंगमध्ये दर एप्रिलला लोक जुनी घरं पाहायला येतात. पांढऱ्या खांबांची, गोऱ्यांची चार घरं, त्यात कॅथकार्टांचं सगळ्यात मोठं. ओसरीवर घेरदार झगे घातलेल्या पोरी उभ्या करतात आणि अटलांटाहून आलेल्या बायका त्यांचे फोटो काढतात. त्या वर्षी पहिल्यांदाच आमचं, काळ्यांचं, माउंट निबो चर्च त्या यादीत आलं. शंभर वर्षं ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं, आता एकदम ऐतिहासिक झालं. मी तिथला डीकन, म्हणजे कारभार बघणारा. चर्चमागची दफनभूमी जरा साफ करू द्या, असं घरं दाखवणाऱ्या समितीची माणसं म्हणाली. मला वाटलं, फांद्याबिंद्या छाटतील. मोठ्या रुबाबात फाटकाची किल्ली दिली आणि मासे धरायला निघून गेलो.

त्यांनी थडग्यांवरचा कचरा पोत्यांत भरून नेला. कचरा हा त्यांचा शब्द. आमच्यात माणूस गेलं की त्यानं शेवटी वापरलेला कप, बाटली, जे असेल ते त्याच्या थडग्यावर ठेवतात, आणि ठेवताना फोडतात. साखळी तुटावी, घरातलं दुसरं कुणी त्याच्या मागोमाग जाऊ नये म्हणून. नाव कोरलेले दगड आमच्यातल्या फार थोड्यांना मिळाले. बाकीचे कोण कुठे आहेत, हे त्या खापऱ्यांवरूनच कळतं.

व्हर्लीन माझी चुलत बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव भाजला आणि दर शनिवारी दफनभूमी झाडली. तिथे गवताचं पातं उगवू द्यायचं नाही, हीही आमचीच रीत. काटक्यांचा झाडू घ्यायचा आणि झाडत झाडत मागे सरकायचं, म्हणजे स्वतःच्या पावलाचाही ठसा उरत नाही. त्या शनिवारी ती झाडू घेऊन गेली आणि थोड्याच वेळात माझ्या दारात येऊन उभी राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“होझिया, चल, तुझा बाप कुठंय ते दाखव मला.”

आम्ही गेलो. समोर नुसती मोकळी माती. मला दाखवता आलं नाही.

“मला येतं दाखवता,” ती म्हणाली. “पण मी अशी किती दिवस पुरणारंय?”

पोती कॅथकार्टांच्या शेडमध्ये होती. आणि तो नेमका घरं बघायचा दिवस.

मिसेस कॅथकार्ट हलक्या आवाजात बोलत होत्या. पाहुणे आलेत व्हर्लीन, सोमवारी पोती माणसाबरोबर पाठवून देते, तू जा. व्हर्लीननं सगळं ऐकून घेतलं आणि ओसरीवरच्या एका नक्षीदार खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीला कुणी बसू नये म्हणून दोरी बांधलेली होती. ती दोरी तिनं आधी नीट गुंडाळून ठेवली.

“पाहुणे दुपारी माझ्या माणसांकडंही यायचेत, मॅम. पोती आणवा.”

पोती आली. तिनं ती त्या पांढऱ्याशुभ्र फळ्यांवर ओतली आणि एकेक खापरी उचलून बोलायला लागली. हा रूफसचा कप, चहा म्हणून भलतंच प्यायचा त्यातून. ही खोकल्याची बाटली पर्लीची, आठ वर्षांची होती. आत जायला रांगेत उभी असलेली माणसं हळूहळू तिच्याभोवती गोळा झाली. अर्धा तास कॅथकार्टांचं शिसवी टेबल बघायला कुणी आत गेलं नाही.

“हा होझियाच्या बापाचा दाढीचा मग. होझिया, वर ये. धर.”

साठ वर्षांत मी त्या पुढच्या पायऱ्या कधी चढलो नव्हतो, आम्हाला मागचंच दार. त्या दिवशी चढलो.

मग तिच्या हातात सोनेरी कडेचा तुकडा आला. मिसेस कॅथकार्ट पुढे झाल्या.

“हा माझ्या आजीच्या सेटमधला आहे.”

“होता. माझी आई अडतीस वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात बरणीतून कॉफी प्यायली. या कपाचा कान मोडला, तेव्हा तुम्ही तो तिला दिलात. मरेपर्यंत त्यातनंच प्यायली ती. आता तो तिचा.”

 मला व्हर्लीनचा इतका अभिमान वाटला, की स्वतःची लाज थोडा वेळ विसरलो.

दुपारभर आम्ही एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली. प्रत्येक थडग्यापाशी ती मला नाव म्हणायला लावायची. चुकलो की फाटकापासून पुन्हा सुरुवात. तीनदा चुकलो. पाहुण्यांनी चर्च पाहिलं आणि ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. काहीजण तर आम्ही बघतोय तोवर आत फिरूनही गेले. व्हर्लीननं त्यांना अडवलं नाही, फक्त त्यांच्या बुटांकडे बघितलं.

उन्हं कलल्यावर मिसेस कॅथकार्ट स्वतः गाडी चालवत आल्या. हातात सोनेरी कडेची बशी होती.

“मिस व्हर्लीन, ही त्या कपाची बशी. दोन्ही एकत्र असावीत असं वाटलं मला.”

त्या तिला असं मानानं मिस म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. व्हर्लीननं बशी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

“अख्खी आहे, मॅम. इथं अख्खं चालत नाही.”

मिसेस कॅथकार्ट बशीकडे बघत राहिल्या. एकदा ती फोडायला त्यांचा हात वर गेल्यासारखा वाटला. पण नाही जमलं त्यांना.

व्हर्लीननं झाडू उचलला. आईच्या थडग्यापासून सुरुवात करून, दिवसभराचे बुटांचे ठसे पुसत ती मागे मागे सरकत फाटकाकडे निघाली. वाट अरुंद होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या मिसेस कॅथकार्टनाही बशी छातीशी धरून एकेक पाऊल मागे घ्यावं लागलं, फाटकाबाहेर, पार रस्त्यापर्यंत.

मी कुलूप लावलं आणि किल्ली व्हर्लीनच्या हातात दिली.