चाळीस सेकंदांची नखं

दिग्दर्शक आणि स्टुडिओचे साहेब यांच्यात तीन महिने विस्तव जात नव्हता, आणि भांडण कशावरून? तर नखांवरून! सिनेमा उडणाऱ्या सुपरहीरोचा. त्यात एका ठिकाणी तो घरी येतो आणि म्हाताऱ्या आईची नखं कापतो. चाळीस सेकंद, एक शब्द न बोलता. साहेब म्हणत, "अहो, तिकडे शहर बुडतंय आणि हा नेलकटर घेऊन बसलाय? लोक उठून जातील." दिग्दर्शक म्हणे, "सीन काढायचा तर माझं नावही काढा."

दोघांच्या कात्रीत सापडली सिनेमाची संकलक, म्हणजे दिग्दर्शकाची थोरली बहीण. शूटिंगच्या दिवशी आईचं काम करणाऱ्या बाई आल्या नव्हत्या, म्हणून जवळून दिसणारे हात या भावंडांच्या आईचे घेतले होते. दोन महिन्यांनी आई गेली. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "सांगायचं नाही हं ताई," धाकट्यानं बजावलं होतं. "कुणाच्या दयेवर नकोय मला सीन."

शेवटी तोडगा निघाला. सिनेमा दोनशे अनोळखी लोकांना दाखवायचा. त्या चाळीस सेकंदांत दहापेक्षा कमी लोक चुळबुळले, तर सीन राहील. मोजणार ताई. तीस वर्षं ती अशा खेळांना पडद्याकडे पाठ करून बसायची आणि वहीत टिपायची, कोण खोकलं, कोणी मोबाइल काढला, कोण उठलं. तिच्या आकड्यावर साहेबांचा डोळे झाकून विश्वास.

खेळ संपला. साहेबांनी वही मागितली. नखांच्या सीनपुढे जागा कोरी होती.

"एकही नाही?" धाकट्याचा चेहरा उजळला.

नुसतं "हो" म्हटलं असतं, तर काम फत्ते होतं. "मोजलेच नाहीत," ती म्हणाली. "वळून पडद्याकडे बघत बसले."

"तुम्ही?" साहेबांना खरंच वाईट वाटलं. पण सिनेमा आठवड्यावर आलेला, दुसरा खेळ लावायला वेळ कुठला? आकडा नाही, तर सीन नाही.

संकलनाच्या खोलीचं दार लागलं. तसा धाकटा भडकला. "तीस वर्षांत आजच बरा सापडला तुला पडदा! बरं, चुकलीस. एक आकडा ठोकून द्यायला काय जात होतं तुझं?"

"खोटा आकडा नाही रे लिहिला कधी. आणि आई करंगळीच्या वेळी हात मागे घ्यायची ना, तसा घेतला तिनं. मशीनवर दोनशेदा पाहिलंय मी ते. पण एवढी मोठी नव्हती दिसली."

तो मशीनपुढे खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "लाव एकदा."

तिनं लावलं. आईनं हात मागे घेतला, सुपरहीरोनं तो हळूच परत ओढला.

"परत," तो म्हणाला.

असं किती वेळा झालं, तेही तिनं मोजलं नाही. मग त्यानंच सांगितलं, "काढ आता." तिनं काढलं.