अंगावरचं माप

मित्रांनो, घाबरू नका, मी साप नाही! खुंटीवर वेटोळं घालून बसलेली मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. रंग पिवळा होता, आता कुठे कुठेच उरलाय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. संगमनेरच्या शिवणवर्गातले दिवस मात्र चांगले आठवतात. सत्तर साली शिवण शिकायला आलेल्या पुष्पावतीने मला तिथेच घेतलं. वर्गात पंधरा बायका, सगळ्या जातींच्या. माप घ्यायला शिकायचं तर कुणाच्या तरी अंगावरच शिकावं लागतं. त्या एकमेकींची मापं घ्यायच्या आणि गुदगुल्या झाल्या की खिदळायच्या. मला वाटलं, जग असंच असतं. किती भोळी होते बघा!

पुष्पावतीने गावी येऊन बौद्धवाड्यातल्या आपल्या घरात मशीन मांडलं. गावातल्या बायका येऊ लागल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबायच्या. नवं कापड आणि जुना झंपर ओट्यावर ठेवून म्हणायच्या, "पुष्पे, ह्याच्यावरून शीव गं." शिवलेला झंपर घरी नेऊन त्यावर पाणी शिंपडायच्या, मगच अंगात घालायच्या. आधी गावात एक म्हातारा शिंपी होता, त्याच्याकडेही मापाचा झंपरच जायचा. परक्या पुरुषाने माप घ्यायचं म्हणजे लाज. आता शिवणारी बाई होती, तरी झंपरच येत होता. कारण तेवढं बदललं होतं, आणि ते पुष्पावतीला पुरतं ठाऊक होतं. ती खाली मान घालून शिवत राहायची. मला मात्र भारी राग यायचा. माणसं मोजायला जन्मले मी, आणि दिवसभर मोजत होते काय, तर जुनेरं!

मग आला छबूबाईचा झंपर. छबूबाई गावातल्या मोठ्या बागायतदाराची सून. राहात्याला तिच्या भावाचं लग्न होतं आणि ही करवली. तिची सासू राहीबाई हिने जांभळं रेशमी कापड आणि मापाचा झंपर ओट्यावर आणून टाकला. पुष्पावतीने मला त्या झंपरावर धरलं. छाती बत्तीस. तिने तंतोतंत बत्तीस शिवला.

लग्न चार दिवसांवर आलं असताना राहीबाई परत आली आणि तिने अख्खा बौद्धवाडा डोक्यावर घेतला. "रेशमाचं वाटोळं केलं! हुकं लागत न्हाईत. ह्यांना कुठलं आलंय शिवनं? आता हिच्याकडं कोन कापड टाकतंय, बघतेच मी!"

राहीबाईने गावात शब्द टाकला की मशीन बंद पडणार, हे पुष्पावतीला कळत होतं. पण तिने दोन्ही झंपर ओट्यावर शेजारी पसरले आणि त्यांवर मला ठेवलं.

"आत्याबाई, ह्यो बत्तीस, आन ह्योबी बत्तीस. ह्यो मापाचा कवाचा हाय?"

"लग्नातला. सात वर्सं झाली."

"आन त्यांना लेकरं किती?"

"दोन."

"मंग झंपर बरूबर हाय, वैनी त्या मापाच्या ऱ्हायल्या न्हाईत. आत दोन्ही अंगांना जादा कापड सोडलंय मी, वाढवून देते. पन आता अंगावर माप घेतल्याबिगर सुई लावायची न्हाई. त्यांना माझ्या घरात येऊ द्या."

"माझी सून? तुझ्या घरात?" राहीबाई झंपर उचलून फणकाऱ्याने निघून गेली. दोन दिवसांत तिघींनी आपली कापडं परत नेली. पुष्पावती रिकाम्या मशीनला तेल देत बसली. तिने शब्द मागे घेतला नाही. शाब्बास, म्हटलं मी मनात.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी छबूबाई एकटीच आली, पदराखाली झंपर घेऊन. "आत्याबाईंचा डोळा लागलाय," ती उंबऱ्याबाहेरून कुजबुजली. "पुष्पे, हितनंच घे की माप."

"तितं माझं हात पुरत न्हाईत, वैनी. आत या."

छबूबाईने मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि पाऊल आत टाकलं. पुष्पावतीने मला तिच्या पाठीमागून पुढे आणलं. माझं पितळ दंडाला लागलं तशी छबूबाई उडालीच.

"अगं बया, गार हाय!" म्हणाली आणि हसत सुटली. पुष्पावतीही हसली. शिवणवर्गानंतर असं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

"चौतीस," पुष्पावती म्हणाली.

"चौतीस? मला माझं माप ठाऊकच न्हवतं गं. माहेरी आईच्या झंपरावरनं शिवायचे, हितं लग्नातल्या." एवढं बोलून तिने मला हातात घेतलं. "आता तुमचं बघू."

तुमचं! मी कान टवकारले. मोठ्या घरातल्या त्या सुनेने मला पुष्पावतीभोवती गुंडाळलं.

"एकतीस. लई वाळलाय की हो. जेवता का न्हाई?"

"जेवते की. तुमच्यासारखं तूप नसतं, एवढंच."

छबूबाई ओशाळली, पण रागावली नाही. पुष्पावतीने झंपर वाढवून देईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग तिने तो अंगात घातला, आरशात पाहिलं आणि तसाच घालून घरी गेली. त्या झंपरावर पाणी काही पडलं नाही.

त्या दिवसापासून पुष्पावतीने मापाचा झंपर घेणं बंद केलं. काही जणी संगमनेरला जाऊ लागल्या, बाकीच्या आत येऊ लागल्या. राहीबाईने आठ महिने दम धरला. मग एक दिवस ती आली, कुणाकडे न बघता उंबरा ओलांडला आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

"हात खाली घ्या, आत्याबाई," पुष्पावती म्हणाली. "पाठीपासनं सुरू करते."

मित्रांनो, आता मी अर्धा इंच ताणले गेले आहे, म्हणून पुष्पावतीने नवी टेप आणली. मला वाईट वाटतं, पण खोटं माप सांगण्यापेक्षा खुंटी बरी. फक्त मला घेऊन दोरीच्या उड्या मारू नका. एकदा हातात घेऊन नीट बघा. माझे तीस ते चाळीस एवढेच आकडे पुसले गेले आहेत. बागायतदारीण असो की मजूरबाई, सगळ्या तिथेच मावल्या. आणि कुणाचं माप घ्यायची वेळ आलीच, तर त्याच्या जुन्या कपड्यावरून घेऊ नका. त्याला आत बोलवा.