परटाला न जमणारं पांढरं

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, देवाशी भांडण नव्हतं. त्यांचं भांडण होतं पवित्र शास्त्रातल्या एका ओळीशी. प्रभू डोंगरावर गेला, शिष्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं रूप पालटलं, देवाचं गौरव त्याच्या चेहऱ्यावर झळकलं आणि त्याचे कपडे इतके पांढरे झाले, की जगातल्या कुठल्याही परटाला तसे धुता येणार नाहीत, असं तिथे लिहिलंय. बाकीचे लोक हे ऐकून माना डोलावतात. पण आमची लाँड्री आहे. दरवर्षी हा उतारा असतो त्या रविवारी पाळकसाहेब वाचत वाचत परटापर्यंत आले, की अख्खं चर्च मागच्या बाकाकडे वळून बघतं आणि तिथे बसलेल्या बाबांचे कान लाल होतात.

"सुताराला कुणी काही बोललं नाही," ते जेवताना म्हणायचे. "कोळ्यांना तर थेट शिष्य करून घेतलं. नापास कोण? परीट!"

पाळकसाहेबांचा पांढरा झगा आणि गायकवृंदाचे झगे त्या आठवड्यात आमच्याकडेच धुवायला यायचे. मग बाबा हट्टाला पेटायचे. सोडा, उकळतं पाणी, नीळ, ऊन, पुन्हा नीळ. आणि रविवारी मागच्या बाकावरून डोळे बारीक करून पुटपुटायचे, "कॉलर जरा पिवळट मारतेय."

यंदा त्याच रविवारी माझ्या लेकाचा बाप्तिस्मा होता. लेकाला आम्ही भोपळा म्हणतो. उचलून बघा, का ते कळेल. माझे वडील नाहीत. भोपळ्याला कडेवर घेऊन पाळकसाहेबांपर्यंत नेणारे आजोबा एकच उरले होते, आणि त्यांनीच त्याला न्यावं अशी माझी फार इच्छा होती. ती मी त्यांना स्पष्ट बोलून दाखवली.

"नेईन की," बाबा म्हणाले. "पण यंदा झगे असे धुतो, की त्या ओळीला खाली मान घालावी लागेल. नाही जमलं, तर मी चर्चची पायरी चढणार नाही."

सासूबाईंनी समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी सकाळी भट्टीवर मोठं पातेलं चढलं. त्यात पाळकसाहेबांचा झगा, गायकवृंदाचे झगे आणि भोपळ्याचं बाप्तिस्म्याचं अंगडं, सगळं एकत्रच. बाबांनी नातवाला खांद्यावर घेतलं आणि वाकून दाखवायला लागले, "बघ, हे बुडबुडे. हे आपलं घराणं." भोपळ्याला घराणं इतकं आवडलं, की त्याने आनंदाने दोन्ही पाय झाडले. त्याच्या पायांत आजीने विणलेले नवे कोरे लाल लोकरीचे मोजे होते. झाकण पडलं तेव्हा त्यातला एकच पायात राहिला होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

झाकण उघडलं आणि माझा नवरा म्हणाला, "बाबा, जरा इकडे या. नको, येऊच नका."

सगळं गुलाबी! लहान मुलांच्या तापाच्या औषधासारखं ठसठशीत गुलाबी. नवऱ्याने काठीने तळ ढवळला आणि मोजा वर काढला. इतक्या कपड्यांत पांढऱ्याच्या जवळपास आला होता तो एकटा मोजाच. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. त्या फिस्सकन हसल्या, मी हसले, आम्ही दोघी इस्त्रीच्या टेबलाला धरून हसत राहिलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी एका बाहीवर ब्लीच टाकून पाहिलं, तर गुलाबीवर ठिपके उठले.

पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. लांबलचक, गंभीर चेहऱ्याचा माणूस. त्यांनी वाळत टाकलेली गुलाबी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, कपड्यांच्या गाठोड्यावर बसकण मारली आणि उचकी लागेपर्यंत हसले.

"दुसरे झगे आहेत कुठे? उद्या हेच घालू," ते उचक्यांमधून म्हणाले.

"घाला. मी येणार नाही," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले. माझं हसू तिथेच जिरलं.

रविवारी सकाळी बाबा दुकानात बसून होते. अंगात मात्र कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता! यायचं नव्हतं, तर इस्त्री कुणासाठी केली होती? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गुलाबी अंगड्यातला भोपळा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा तुमच्याकडे. आम्ही निघालो."

"अगं, त्याला भूक लागली तर?"

"त्याची आई चर्चमध्ये आहे. घेऊन या."

आणि मी खरंच निघाले. रस्ताभर मी मागे वळून बघत होते आणि तरी हसू दाबलं जात नव्हतं. "सूनबाई, डोकं फिरलंय तुझं," सासूबाई म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून भरभर चालायला लागल्या.

चर्चमध्ये गायकवृंद ओळीने उभा राहिला तेव्हा पहिल्या बाकावरच्या आजींनी चष्मा काढून पुसला. पुसून परत लावला, तरी गुलाबीच. सगळे ओठ चावत होते. मी सारखी दाराकडे बघत होते. एक गीत झालं, दुसरं झालं, प्रार्थना झाली. बाबांचा पत्ता नाही. पाळकसाहेब ठिपक्यांची बाही सावरत वाचायला लागले. डोंगर झाला, झळकणारा चेहरा झाला, कपडे आले, परीट आला. सवयीने सगळ्या माना मागे वळल्या.

आणि दारात परीट उभा होता. धापा टाकत, कडेवर गुलाबी नातू घेऊन.

आधी गायकवृंदातून एक खुसखुस आली. मग पहिल्या बाकावरच्या आजी. मग पाळकसाहेबांना उचकी लागली आणि चर्चच फुटलं. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होते. भोपळ्यालाही ते पटलं. त्याने टाळ्या पिटल्या.

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "ते गौरव कुणी धुऊन चढवलेलं नव्हतं," ते म्हणाले. "ते प्रभूचंच होतं, आतून आलेलं. कपडे बिचारे ते झाकू शकले नाहीत, एवढंच. एक शिष्य लगेच म्हणाला, प्रभूसाठी मी तंबू उभारतो! त्यालाही हात रिकामे ठेवणं जमेना. पण शिष्यांना वर नेलं होतं ते फक्त बघायला."

बाबा दारातूनच बोलले. मंडळीसमोर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"म्हणजे परटाला जमणार नाही म्हणजे... मला ते करायचंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"दरवर्षी सांगतो," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही माझी कॉलर बघत असता."

बाबांचे कान लाल झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. "सुट्टी!" ते भोपळ्याला म्हणाले. "अरे, आपल्याला सुट्टी होती!" आणि नातवाला उंच धरून मधल्या वाटेने असे पुढे आले, की मला ते धावतायत की नाचतायत तेच कळेना. माझा जीव भांड्यात पडला. आता मात्र मी रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

भोपळ्याच्या डोक्यावर पाणी पडलं. तो रडला नाही. त्याने आजोबांकडे पाहिलं, तोंड भरून हसला आणि त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर निवांत शू केली. डाग पोटावरून खाली पसरत गेला. सासूबाई ओला रुमाल घेऊन धावल्या, कारण हा माणूस परक्याच्या लग्नातसुद्धा लोकांचे डाग पुसत फिरतो.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. त्यांची नजर नातवाच्या ओल्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "धुणं काय, उद्याही आहे. आत्ता बघू दे."