घसरलेली सरासरी

शाळा सुटल्यावर गणितासाठी उघडी राहणारी संगणकाची खोली आता बंद करायची, असं मुख्याध्यापिकांच्या मनाने घेतलं होतं. निकाल लागला होता आणि शाळेतल्या सर्वांत वरच्या वर्गाची गणिताची सरासरी चक्क खाली आली होती.

"यंत्रापुढे बसून मुलं आळशी झाली, दुसरं काय!" त्या म्हणाल्या.

गणिताच्या बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. खोली यंदाच, त्यांच्याच हट्टापायी सुरू झाली होती. आपण पोरांचं नुकसान केलं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना. नवऱ्याने चिडवून पाहिलं, "गणिताची शिक्षा भाताला कशाला?" तेव्हाही त्यांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या तासाला त्या संगणकापुढे बसल्या. सरासरी एका क्लिकवर आली होती, पण एकेका मुलाचे गुण त्यांनी मांडून पाहिलेच नव्हते. वर्गात मात्र 'नुसत्या सरासरीवर विसंबू नका' असं घसा कोरडा पडेस्तोवर शिकवायच्या! त्यांनी गेल्या वर्षीचे आणि यंदाचे गुण ठिपक्यांनी मांडले, कमी गुण डावीकडे, जास्त उजवीकडे.

उजवीकडचा ठिपक्यांचा घोळका होता तिथेच होता, उलट जरासा पुढेच सरकला होता. डावीकडे मात्र, गेल्या वर्षी मोकळं रान होतं तिथे, यंदा मूठभर ठिपके दिसत होते. ही कोण मुलं? नावं पाहिली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. ही सगळी वर्षाच्या सुरुवातीला शाळा सोडायला निघालेली, पण मग रोज खोलीत येऊन बसणारी मुलं. गेल्या वर्षी अशी मुलं परीक्षेपर्यंत पोहोचलीच नव्हती. यंदा ती टिकली, परीक्षेला बसली, म्हणून सरासरी घसरली.

त्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

ठिपके बराच वेळ न्याहाळून मुख्याध्यापिकांनी विचारलं, "पण ती खोलीमुळेच टिकली कशावरून?"

"तसं छातीठोकपणे नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "त्यासाठी आणखी एखादं वर्ष पाहावं लागेल. पण खोलीमुळे मुलं बिघडली, असं हे आकडे म्हणत नाहीत."

"अगं बाई! आणि मी कुलूप घालायला निघाले होते." मुख्याध्यापिका स्वतःशीच हसल्या. "पाहू या तर आणखी एक वर्ष."

बाहेर व्हरांड्यात त्या डावीकडच्या ठिपक्यांतलीच एक मुलगी ताटकळत उभी होती. थोडक्यात नापास झालेली.

"बाई, फेरपरीक्षा आहे. खोली उघडी असेल ना?"

"असणारच," बाई म्हणाल्या, आणि दोघी त्या दिशेने चालू लागल्या.