खबऱ्याचं दार

सातवी काठी तळपायावर बसली तसा खबऱ्या कळवळला, आणि दीपमालाने चहाचा घोट घेतला. चहा कधीच निवला होता, पण तिला तो गोड लागला. सकाळपासूनची ही एकतिसावी खेप होती.

तिचं कामच ते होतं. सांगलीत विश्रामबागेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, व्हिडिओ गेम बनवणारी एक छोटी कंपनी होती. गेममध्ये कुठे चूक राहिली आहे का हे बघायला तिथे दीपमालाला ठेवलं होतं. माणूस भिंतीतून आरपार जातो का, बैलाचे पाय जमिनीत रुततात का, हे तपासायला तोच तोच प्रसंग दिवसभर खेळायचा. शेचाळीस वर्षांची बाई गेम खेळून पगार घेते, म्हणून माधवनगरच्या तिच्या गल्लीत थट्टा व्हायची. त्याआधी वीस वर्षं तिने टायपिंगच्या क्लासात मुलांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या होत्या. क्लास बंद पडला तेव्हा तिचाच एक जुना विद्यार्थी, अरिहंत, तिला इथे घेऊन आला. "बाई, तुमच्या नजरेतनं काय सुटत न्हाई. इथं बसा," म्हणाला. तीन वर्षांत खरोखरच काही सुटलं नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि तो का नसावा?

गेम होता प्रतिसरकारच्या दिवसांवरचा, सांगलीकडचा मुलूख सातारा जिल्ह्यात होता तेव्हाचा. गाव आणि माणसं कल्पनेतली. भूमिगतांचा ठावठिकाणा इंग्रजांच्या पोलिसांना सांगणारा एक खबऱ्या; खेळणाऱ्याने त्याला हुडकायचं, देवळापुढे पंचांसमोर उभं करायचं, तळपायावर सात काठ्या द्यायच्या आणि सोडून द्यायचं.

चेहरे करायचं काम अरिहंतकडे होतं. वर्षभरापूर्वी त्याने ऑफिसातल्या सगळ्यांकडे घरच्या म्हाताऱ्यांचे फोटो मागितले. कुणी आजोबांचा आणला, कुणी मामाचा, आणि प्रत्येकाला आपला माणूस क्रांतिकारकच व्हायला हवा होता. दीपमालाने फोटो दिला आणि म्हणाली, "ह्याला खबऱ्या कर."

"कोन हाईत हे, बाई?"

"माझे थोरले चुलते. वडूजला असतात."

"त्यास्नी चालंल का पन?"

"विचारलंय मी." हे साफ खोटं होतं.

तो फोटो एका फ्लेक्सचा होता. सयाजी आबांच्या पंचाहत्तरीला वडूजच्या चौकात हा भला मोठा फ्लेक्स लागला होता, आणि फोटोखाली लिहिलं होतं, 'निराधारांचा आधारवड'. कुणीतरी तो दीपमालाला मोबाईलवर पाठवला. ती दोन दिवस धड जेवली नाही.

तिचे वडील पलटणीत होते. ते सरहद्दीवर मारले गेले तेव्हा ती दहा वर्षांची. कागदपत्रांसाठी आईला, रंगूबाईला, साताऱ्याच्या सैनिक कार्यालयात बोलावणं आलं. आबांचं म्हणणं, घरची बाई एकटी यष्टीने फिरणार नाही. कागद मी बघतो. रंगूबाईने ऐकलं नाही. लेकीला घेऊन सकाळी गेली आणि दुपारी परत आली, तर दार आतून बंद. आत फोडणीचा वास येत होता, ताटं मांडल्याचा आवाज येत होता. आईने कडी वाजवली. "आबा, दार उघडा." थोड्या वेळाने पुन्हा वाजवली, "आबा, दार उघडा." मग नाही वाजवली. कागदांची पिशवी छातीशी धरून ती उन्हात उभी राहिली, आणि तिचा पदर धरून दीपमाला. गल्लीतली माणसं बघत बघत पुढे जात होती. संध्याकाळच्या यष्टीने दोघी माधवनगरला मामाकडे आल्या त्या कायमच्या. आईने पुढे सव्वीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या आणि मरेपर्यंत वडूजचं नाव काढलं नाही. आबा मयतीलाही आले नाहीत.

फोटो दिल्यावर दीपमाला रोज अरिहंतच्या खुर्चीमागे उभी राहून त्याला सांगत असे, भुवई आणखी जाड कर, खालचा ओठ दाबून धरलेला दाखव. चेहरा हुबेहूब उतरला. ती रोज त्याला काठ्या देऊ लागली, आणि खोटं कशाला सांगा, तिला रात्री शांत झोप लागू लागली.

मग तीन आठवड्यांपूर्वी तिला ती चूक दिसली. काठ्या खाऊन खबऱ्याने लंगडत घरी जायचं, दार उघडायचं आणि बायकोने त्याला आत घ्यायचं, असं ठरलेलं होतं. पण दार उघडलंच नाही. खबऱ्या दाराला छाती लावून चालतच राहिला. पाय हलत होते, माणूस जागचा हलत नव्हता. खेळ बंद करेपर्यंत तो तसाच. दीपमाला किती तरी वेळ बघत बसली. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त आवडलं.

"खबऱ्याचं सगळं बरोबर हाय न्हवं, बाई?" अरिहंतने या आठवड्यात विचारलं. "सोमवारी पुढं धाडायचंय."

"सगळं बरोबर आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिने चूक बघितली आणि खाली रेघ ओढली नाही.

पण तेवढ्याने तिचं भागेना. ज्याला शिक्षा झाली त्यालाच पत्ता नाही, मग ती शिक्षा कसली? तिने आबांच्या नातीला, संयोगिताला, फोन लावला. संयोगिता तिच्या चुलतभावाची मुलगी, एका लग्नात ओळख झालेली. आबांचा चेहरा आमच्या गेममध्ये घेतलाय, त्यांना दाखवायचाय, एवढंच सांगितलं.

"खरंच का आत्या? आजोबा लय खूश होतील. शनिवारी मिरजेला त्यांचे डोळे दाखवायचेच हाईत. तिकडनं येतो की."

शनिवारी अर्धा दिवस असे. दोन वाजता ऑफिस रिकामं झालं आणि तीनच्या सुमारास ते दोघे आले. दीपमालाने गळ्यातलं कार्ड लावून काचेचं दार उघडलं. त्या दाराला आत यायला आणि बाहेर जायला, दोन्हीकडून कार्ड लागायचं. आबा त्र्याऐंशीचे झाले होते. हातात काठी, अंगात कोट आणि डोक्याला गुलाबी फेटा.

"सकाळी सातपासनं फेटा बांधून बसल्यात," संयोगिता हसत म्हणाली. "तुम्ही दाखवा आत्या, मी खालच्या मेडिकलमधनं यांची औषधं घेऊन येते." दीपमालाने तिला बाहेर सोडलं आणि दार मागे बंद झालं.

आबा खुर्चीत टेकले. "मला कोन केलंय गं? घोड्यावर हाय का?"

"बघा की."

तिने खेळ सुरू केला. देऊळ, पंच, जमलेला गाव, आणि मधे हात बांधलेला माणूस. आबा पुढे वाकले, डोळे बारीक केले.

"ह्यो कोन?"

"तुम्ही."

पहिली काठी बसली. दुसरी बसली. चौथ्या काठीला आबांनी आपला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"का मारत्यात त्याला?"

"घरभेदी आहे. आपल्याच माणसांवर उलटला."

सात पूर्ण झाल्या. खबऱ्या लंगडत गल्लीतून निघाला, दारापाशी आला आणि चालत राहिला. आबा बराच वेळ बघत होते.

"दार का उघडंना?"

छत्तीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. "आतनं अडसर लावलाय, आबा."

आबांनी कुठलं दार, कसला अडसर, असं काही विचारलं नाही. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "दोनदा वाजवली तिनं कडी. तिसऱ्यांदा वाजवंल म्हनून मी अडसराला हात लावून हुबा व्हतो. न्हाई वाजवली."

"म्हणजे चूक आईचीच."

आबा पडद्यावरच्या बंद दाराकडेच बघत राहिले. त्यांनी रडावं, हात जोडावेत, निदान मान खाली घालावी, असं तिने किती वर्षं मनात रंगवलं होतं. आणि हा माणूस अजून तिसऱ्या कडीची वाट बघत बसला होता.

काचेवर टकटक झाली. बाहेर औषधांची पिशवी घेऊन संयोगिता उभी होती. काचेतून आवाज अस्पष्ट आला. "आत्या, दार उघडा."

दीपमाला उठली नाही. कार्ड तिच्या मुठीत होतं. बघू दे याला, तिने मनात म्हटलं. आपलं माणूस बाहेर उभं असलं की आत कसं वाटतं ते याला एकदा कळू दे.

पुन्हा टकटक. संयोगिताने कपाळाशी हात धरून आत डोकावलं. ती हसत होती, ते हसू हळूहळू गेलं. "आत्या, दार उघडा की."

आबा नातीकडे बघत नव्हते. ते दीपमालाच्या मुठीकडे बघत होते. उघड असं ते म्हणाले नाहीत. ती मूठ त्यांच्या ओळखीची होती, आणि दीपमालालाही ती आता ओळखू आली.

तिसऱ्यांदा टकटक झाली नाही. पोरीने हात खाली घेतला आणि पिशवी छातीशी धरून ती नुसती उभी राहिली. दीपमाला उठली, दारापाशी गेली आणि कार्ड लावलं.

"ऐकू आलं न्हाई का, आत्या?"

"आलं गं," दीपमाला म्हणाली. "उठायला उशीर झाला. चुकलं माझं."

मागे आबांची काठी फरशीवर वाजली. ते तिच्या शेजारून बाहेर पडले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले आणि फेटा काढून त्यांनी काखेत धरला. मागे वळून बघितलं नाही. नातीच्या आधाराने एकेक पायरी उतरत गेले. दीपमालाने त्यांना माफ केलं होतं असं मुळीच नाही.

ती खुर्चीत येऊन बसली. खबऱ्या अजून दारापाशी चालत होता. तिने चुकांचा तक्ता उघडला आणि लिहिलं: माणूस घरी जातो, दार उघडत नाही, दर वेळी असंच होतं. चेहऱ्याबद्दल काही लिहिलं नाही. तो तसाच राहणार होता. पुढच्या रकान्यात ही चूक पहिल्यांदा कधी दिसली ते भरायचं होतं. आजची तारीख घातली असती तर कुणाला काही कळलं नसतं. दीपमालाने तीन आठवड्यांपूर्वीची खरी तारीख घातली, आणि शेजारी आपलं पूर्ण नाव लिहिलं, दीपमाला रंगूबाई.